टेलिमेडिसिनसाठी डॉक्टरांची तयारी: ती कशी जोखावी आणि कशी वाढवावी

एखाद्या आरोग्यसंस्थेने टेलिमेडिसिन, म्हणजे रुग्ण समोर नसताना दूरवरून दिली जाणारी वैद्यकीय सेवा, सुरू करायचे ठरवले की पहिली चर्चा बहुधा खरेदीची होते. कोणते सॉफ्टवेअर घ्यायचे, कॅमेरे किती लागतील, पुरवठादार कोण, याची टिपणे तयार होतात. आणि ज्या डॉक्टरांनी, परिचारिकांनी, समुपदेशकांनी व भौतिकोपचारतज्ज्ञांनी ही सेवा प्रत्यक्ष द्यायची आहे, त्यांना विचारण्याची वेळ येते ती सामान खोक्यांतून बाहेर काढल्यानंतर. तेही भर बैठकीत, विभागप्रमुखांच्या देखत, 'सगळ्यांची तयारी आहे ना?' अशा शब्दांत विचारले जाते. अशा प्रश्नाला 'नाही' असे उत्तर कोणी देत नाही. काही महिन्यांनी कॅमेऱ्यांवर धूळ साचलेली दिसते आणि खापर फुटते ते 'जुन्या वळणाच्या' डॉक्टरांवर.

पुढील मार्गदर्शन ज्या व्यक्तीवर संस्थेत टेलिमेडिसिन रुजवण्याची जबाबदारी आली आहे तिच्यासाठी आहे. त्यामागची भूमिका आधीच स्पष्ट केलेली बरी. डॉक्टरांची अनिच्छा क्वचितच तंत्रज्ञानाविषयी असते. जे डॉक्टर रोज सोनोग्राफीचे यंत्र हाताळतात, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करतात आणि अडलेल्या रुग्णाचा एक्स-रे सहकाऱ्याला मोबाइलवर पाठवून मत विचारतात, त्यांना व्हिडिओ कॉलची धास्ती वाटते हे पटण्यासारखे नाही. ते बहुतेक वेळा आपल्या कामाबद्दल काहीतरी सांगत असतात: वेळेबद्दल, जबाबदारीबद्दल, हात न लावता निर्णय घेण्याच्या धोक्याबद्दल. म्हणून तयारी वाढवण्याच्या आधी नकार नेमका कशाला आहे हे शोधून काढावे लागते, आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक काम तिथेच होते.

कामाचे तुकडे पाडून विचारावे

'टेलिमेडिसिन वापराल का?' हा प्रश्न इतका ढोबळ आहे की त्याच्या उत्तरातून काहीच हाती लागत नाही. या एका नावाखाली निदान चार निरनिराळी कामे येतात. रुग्णाशी व्हिडिओवर किंवा फोनवर थेट बोलून सल्ला देणे हे एक. छायाचित्रे, आलेख आणि अहवाल पाठवल्यावर तज्ज्ञाने सवडीने मत कळवणे हे दुसरे. रुग्णाने घरी मोजलेला रक्तदाब, साखर किंवा रक्तातील प्राणवायू यांवर दूरवरून लक्ष ठेवणे हे तिसरे, आणि एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेणे हे चौथे. यांतील काही कामे वैद्यकाला मुळीच नवी नाहीत. डच शरीरक्रियाशास्त्रज्ञ विलेम आइंटहोवेन यांनी १९०५ मध्येच नेदरलँड्समधील लायडनच्या रुग्णालयातील रुग्णांचे हृदयालेख (ईसीजी) टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटर दूरच्या आपल्या प्रयोगशाळेत नोंदवून दाखवले होते. दूरवरून आलेख वाचण्यास आज कोणी हृदयरोगतज्ज्ञ ना म्हणणार नाही. पण त्याच तज्ज्ञाला छातीत दुखणाऱ्या अनोळखी रुग्णाला व्हिडिओवर 'काळजी नसावी' असे सांगायला लावले, तर तो मागे सरेल आणि ते योग्यच ठरेल.

हा फरक कागदावर आणण्याची एक साधी रीत आहे. एका विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षातील मागील दोन आठवड्यांचे केसपेपर, नाव-पत्ता झाकून, त्याच विभागातील एका ज्येष्ठ आणि एका कनिष्ठ डॉक्टरांसमोर ठेवावेत आणि त्यांचे तीन गठ्ठे करायला सांगावेत: दूरवरून निश्चित झाले असते, काही अटींवर झाले असते, प्रत्यक्षच बोलवावे लागले असते. गठ्ठ्यांपेक्षा ते करताना होणारी चर्चा अधिक मोलाची असते. नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या मधुमेही रुग्णाचा केसपेपर सहसा चटकन पहिल्या गठ्ठ्यात पडतो, कारण साखरेचे अहवाल पडद्यावर वाचता येतात आणि औषधाची मात्रा बोलता बोलता बदलता येते. तेवढ्यात दुसरा डॉक्टर विचारतो, 'आणि पाय कोण बघणार?' १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (ठरावीक दाब देणारा नायलॉनचा बारीक तंतू) तळव्याला टेकवून संवेदना तपासण्याचे काम कॅमेरा करू शकत नाही, आणि ज्या रुग्णाची संवेदनाच गेली आहे तो पायाची जखम स्वतःहून सांगेल याची खात्री नसते. मग केसपेपर उचलून मधल्या गठ्ठ्यात ठेवला जातो आणि त्यावर अट लिहिली जाते की वर्षातून निदान एक भेट प्रत्यक्षच झाली पाहिजे. इथे अनिच्छेचे रूपांतर अटीत झाले. अट पाळता येते, तिची व्यवस्था करता येते. नुसत्या अनिच्छेपुढे मात्र काही चालत नाही.

एखाद्या विभागात तिसराच गठ्ठा सर्वांत मोठा निघाला तर त्या विभागाला तूर्त सोडून द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ च्या डिजिटल आरोग्यविषयक मार्गदर्शक सूचनांत टेलिमेडिसिनची शिफारस करताना, ते प्रत्यक्ष सेवेला पूरक असावे, तिची जागा घेणारे नसावे, अशी अट घातली आहे. हे वाक्य पहिल्याच बैठकीत वाचून दाखवले तर बराच संशय निवळतो, कारण 'उद्या आपली ओपीडीच बंद करतील' ही शंका अनेकांच्या मनात असते आणि ती उघडपणे बोलून दाखवली जात नाही.

मत विचारण्याऐवजी प्रसंग विचारावा

प्रश्नावली छापण्याआधी दहा-बारा जणांशी एकेकटे बोलावे. त्यांत उत्साही मंडळी दोनच असावीत. बाकीचे साशंक, अलिप्त आणि कामाने गांजलेले असावेत. 'टेलिमेडिसिनबद्दल आपले मत काय?' असे विचारले की वर्तमानपत्रात वाचलेली मते ऐकायला मिळतात. त्याऐवजी असे म्हणावे: 'डॉक्टरसाहेब, समोर नसलेल्या रुग्णाला आपण शेवटचा सल्ला कधी दिलात, तो प्रसंग जरा सांगाल का? त्याने काय विचारले, आपल्याला काय कळले नाही, आणि नोंद कुठे केलीत?'

या प्रश्नाने एक गोष्ट हमखास बाहेर येते. 'आम्हाला टेलिमेडिसिन नको' असे म्हणणारे बहुतेक डॉक्टर ते रोजच करत असतात. जुन्या रुग्णाचा फोन येतो, तो अहवालाचा फोटो पाठवतो, डॉक्टर दोन घासांच्या मध्ये 'अर्धी गोळी कमी करा' असे सांगतात. त्याची नोंद नसते, शुल्क नसते आणि उद्या काही बिघडले तर पुरावाही नसतो. म्हणजे दूरवरून सल्ला देण्याला त्यांची हरकत नाही; हरकत आहे ती त्या सल्ल्याला औपचारिक रूप आले की सोबत येणाऱ्या गोष्टींना. लॉगइन, नोंदीचे रकाने, ध्वनिचित्रमुद्रण होते की काय ही शंका, आणि ठरलेल्या वेळी पडद्यासमोर बसण्याची सक्ती या त्या गोष्टी. हे ध्यानात आले की मांडणीच बदलते. डॉक्टरांना नवे काहीतरी करायला लावण्याऐवजी, ते आजही विनामोबदला आणि विनासंरक्षण करत असलेल्या कामाला नोंद, वेळ आणि संरक्षण देणे हा उद्देश सांगता येतो, आणि तो खराही असतो.

मुलाखती डॉक्टरांपुरत्या ठेवू नयेत. रुग्णाला लिंक कोण पाठवते, त्याचा आवाज येतो की नाही हे आधी कोण पाहते, चिठ्ठी कोणत्या मार्गाने पोचते, कॉल न लागल्यास फोन कोण करते, ही कामे परिचारिका आणि नोंदणी कक्षातील कर्मचाऱ्यांच्या अंगावर पडतात आणि कोणत्याही आराखड्यात ती दिसत नाहीत. डॉक्टर तयार असूनही सेवा कोलमडते ती इथे.

शक्य असल्यास, रुग्णाच्या संमतीने, एक दूरस्थ सल्ला शेजारी बसून पाहावा. डॉक्टरांच्या पडद्यावर एका कोपऱ्यात रुग्णाचा चेहरा असतो, दुसऱ्या खिडकीत जुने अहवाल आणि तिसरीत नोंदीचा अर्ज. टंकलेखन करताना त्यांची मान खाली जाते आणि पलीकडच्या रुग्णाला त्यांचा भांग तेवढा दिसतो. रुग्ण बोलायचा थांबतो, कारण आपले म्हणणे ऐकले जात नाही असे त्याला वाटते. डॉक्टर मान वर करून 'हं, बोला' म्हणतात, त्याच क्षणी रुग्णही बोलू लागतो, दोघेही थांबतात, दोघेही 'तुम्ही बोला' म्हणतात. यात कोणाची चूक नसते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचण्यास १५० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर बहुतेक संभाषणे सुरळीत चालतात. विलंब त्याहून बराच वाढला की बोलण्याची आपोआप जमणारी पाळी चुकू लागते. अशा दहा मिनिटांनंतर डॉक्टर 'यात समाधान नाही' असे म्हणतात तेव्हा त्यांचे निरीक्षण अचूक असते. ते ऐकून घेऊन मग कॅमेरा, जोडणी आणि नोंद करण्याची पद्धत यांकडे वळावे.

प्रश्नावली कशी करावी

मुलाखतींनंतर प्रश्नावलीला अर्थ येतो. या विषयावरील बऱ्याच प्रश्नावल्या दोन प्रतिमानांवर (मॉडेलांवर) बेतलेल्या असतात. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या तंत्रज्ञान-स्वीकार प्रतिमानात दोन गोष्टींना महत्त्व आहे: हे साधन माझ्या कामास उपयोगी पडेल का, आणि ते वापरायला सोपे आहे का. विश्वनाथ वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशी अनेक प्रतिमाने एकत्र करून चार घटक पुढे आणले: कामात होणाऱ्या लाभाची अपेक्षा, पडणाऱ्या श्रमाचा अंदाज, भोवतालच्या माणसांचा प्रभाव आणि अनुकूल परिस्थिती. त्यांत वय, लिंग, अनुभव आणि वापर ऐच्छिक आहे की सक्तीचा यांमुळे फरक पडतो, असेही त्यांनी दाखवले.

डॉक्टरांच्या बाबतीत मात्र एक निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे. हाँगकाँगमधील रुग्णालयांतील चारशेहून अधिक डॉक्टरांच्या टेलिमेडिसिन-स्वीकाराचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उपयुक्ततेच्या जाणिवेचा डॉक्टरांच्या इराद्यावर ठळक परिणाम दिसला, वापरसुलभतेचा तसा दिसला नाही. वैद्यकीय व्यवसायात शिरणारी माणसे अवघड गोष्टी शिकण्यास सरावलेलीच असतात. साधन कठीण आहे म्हणून ती अडत नाहीत, निरर्थक वाटले तर अडतात. पुष्कळ संस्था आपली सारी शक्ती 'कसे वापरावे' या प्रशिक्षणावर खर्च करतात आणि 'कशासाठी वापरावे' हा प्रश्न मोकळाच राहतो, ते म्हणूनच चुकीचे वाटते.

प्रश्न लिहिताना एका वाक्यात एकच गोष्ट विचारावी. 'टेलिमेडिसिन सोपे आणि उपयुक्त आहे' या विधानाशी एखादा डॉक्टर अर्धाच सहमत असेल तर त्याने कुठे खूण करायची? विधान विभागातील ओळखीच्या कामाला जोडलेले असावे: 'शस्त्रक्रियेनंतर टाके काढून झालेल्या रुग्णाची पुढची तपासणी व्हिडिओवर करताना मला जखमेचा पुरेसा अंदाज येईल.' सगळीच विधाने टेलिमेडिसिनच्या बाजूची असू नयेत, कारण थकलेला माणूस एकाच रकान्यात खुणा करत खाली जातो. 'माझ्या देशाच्या कायद्याप्रमाणे दूरस्थ सल्ल्याची जबाबदारी कोणावर येते हे मला स्पष्टपणे माहीत आहे' यासारखे एखादे विधान अवश्य घालावे. त्याची उत्तरे अनेकदा सर्वांत बोलकी असतात. पूर्ण असहमतपासून पूर्ण सहमतपर्यंत पाच पायऱ्यांची, लिकर्ट पद्धतीची पट्टी पुरते. प्रश्न वीस-पंचवीसच्या पुढे नेऊ नयेत. प्रश्नावली परभाषेतून घेतली असेल तर तिचे भाषांतर दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा मूळ भाषेत करवून अर्थ कुठे घसरला ते पाहावे, आणि पाच-सहा जणांकडून ती मोठ्याने वाचत भरून घ्यावी. कोणत्या शब्दावर ते अडखळतात हे तेव्हाच कळते.

कागद कोण वाटतो यालाही महत्त्व आहे. विभागप्रमुखांच्या हस्ते वाटलेल्या आणि त्यांच्याच मेजावर परत द्यायच्या प्रश्नावलीत टेलिमेडिसिनचा जयजयकारच सापडेल. नाव नको, आणि लहान विभागात वय व पदही नको, कारण तीन स्त्रीरोगतज्ज्ञांच्या विभागात 'वय ५० च्या वर' एवढे लिहिले तरी माणूस ओळखता येतो.

एकाच घटकावरील विधाने एकमेकांशी जुळतात का हे पाहण्यासाठी क्रॉनबाखचा अल्फा हा निर्देशांक काढतात आणि तो ०.७ च्या आसपास किंवा वर असल्यास चालते असा प्रघात आहे. चाळीस डॉक्टरांच्या रुग्णालयात याहून जडजंबाळ संख्याशास्त्र वापरण्यात अर्थ नाही. सरासरीवर मात्र विसंबू नये. पाचांपैकी तीन ही सरासरी सगळे तटस्थ असले तरी येते आणि अर्धे कट्टर अनुकूल, अर्धे कट्टर प्रतिकूल असले तरी येते. या दोन रुग्णालयांत करायची कामे पूर्णपणे वेगळी आहेत. प्रत्येक विधानाला कोणत्या पायरीवर किती खुणा आल्या हे विभागवार मांडले की चित्र उघड दिसते.

एवढे करूनही हाती येतो तो इरादा. वर्तन त्याहून वेगळे असते. थॉमस वेब आणि पास्कल शिरन यांनी २००६ मध्ये ४७ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास करून दाखवले की लोकांच्या इराद्यात मध्यम ते मोठा बदल घडवला तरी वर्तनात होणारा बदल लहान ते मध्यमच असतो. प्रश्नावलीत ८० टक्के डॉक्टर 'तयार' निघाले म्हणून ८० टक्के वापर होईल असे गृहीत धरून खोल्या बांधू नयेत.

अडथळे दूर करताना

मुलाखतींतून आणि प्रश्नावलीतून जे पुढे येईल त्यात वेळ आणि जबाबदारी या दोन गोष्टी बहुतेक ठिकाणी वरच्या स्थानी असतील.

वेळेची तक्रार बहुधा खरी असते. गर्दीच्या ओपीडीतच 'मधूनमधून' व्हिडिओ सल्ले घ्यावेत अशी अपेक्षा ठेवली की दारात उभा असलेला रुग्ण आणि पडद्यावर ताटकळणारा रुग्ण, दोघेही नाराज होतात. दूरस्थ सल्ल्यांसाठी स्वतंत्र सत्र असावे, ते कामाच्या वेळापत्रकात दिसावे आणि तितक्या प्रमाणात ओपीडीतील रुग्णसंख्या कमी करावी. हे शेवटचे पाऊल प्रशासन टाळते. मोबदल्याचेही तसेच आहे: जिथे प्रत्यक्ष भेटीचे शुल्क मिळते आणि दूरस्थ भेटीचे मिळत नाही किंवा कमी मिळते, तिथे डॉक्टरांच्या मनोवृत्तीचा अभ्यास करत बसण्याची गरज नाही, उत्तर दरपत्रकातच आहे. पगारी डॉक्टरांच्या बाबतीत दूरस्थ सल्ले कामगिरीच्या मोजणीत धरले जातात की नाही ते पाहावे. सत्र संपल्यानंतर रुग्णांचे संदेश कोण पाहणार हेही लिहून ठरवावे. 'एकदा नंबर दिला की रात्रही आपली राहत नाही' ही भीती अनाठायी नसते.

जबाबदारीचा प्रश्न भाषणांनी सुटत नाही. आपल्या देशाचे आणि वैद्यक परिषदेचे नियम, विमा संरक्षणाची व्याप्ती आणि संस्थेची स्वतःची भूमिका एका पानावर, साध्या भाषेत, जाणकार वकिलाकडून तपासून डॉक्टरांच्या हाती द्यावी. रुग्ण दुसऱ्या राज्यात किंवा दुसऱ्या देशात असेल तर परवाना चालतो का, पहिल्याच भेटीत कोणती औषधे लिहिता येतात आणि कोणती मुळीच नाहीत, संमती कशी नोंदवायची, ध्वनिचित्रमुद्रण होते का आणि होत असल्यास ते कोण पाहू शकते, एवढ्या प्रश्नांची उत्तरे त्यात असली पाहिजेत. त्याबरोबर एक अधिकार निःसंदिग्धपणे द्यावा: सल्ला चालू असताना कोणत्याही क्षणी, कारणांचा पाढा न वाचता, 'आपण प्रत्यक्ष या' असे सांगून कॉल थांबवण्याचा. हा अधिकार लेखी असला आणि तो वापरल्याबद्दल कोणाला जाब विचारला जात नाही असे दिसले की साशंक डॉक्टरही सुरुवात करायला धजावतात. सत्राला सुरुवात करतानाच रुग्ण या क्षणी कुठे आहे आणि कॉल तुटल्यास कोणत्या क्रमांकावर फोन करायचा हे विचारून नोंदवण्याचा शिरस्ता घालावा. पडद्यावर रुग्णाची शुद्ध हरपली आणि त्याचा ठावठिकाणाच ठाऊक नाही, ही वेळ कोणावर येऊ नये.

प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात. बटणांची ओळख अर्ध्या तासात होते. खरा सराव हवा तो रुग्णाकडून तपासणी करवून घेण्याचा: फोन खिडकीच्या उजेडात कसा धरायचा, पोटाच्या कोणत्या भागावर स्वतःचे बोट दाबायचे, श्वास मोजताना किती वेळ गप्प बसायचे. एका सहकाऱ्याला रुग्ण बनवून, शेजारच्या खोलीत बसवून दोन-तीन रंगीत तालमी केल्या की जे कळते ते सादरीकरणाच्या चित्रफितींतून कळत नाही. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणि रुग्णाच्या चित्राच्या अगदी वर ठेवावा, म्हणजे रुग्णाकडे पाहताना नजर आपोआप कॅमेऱ्याकडे जाते. व्हिडिओ अडखळतो आहे असे दिसले तर चित्र बंद करून आवाज टिकवावा. सल्ल्याचा बहुतांश भाग आवाजावर चालतो.

सुरुवात कोणापासून करावी

एव्हरेट रॉजर्स यांनी नव्या कल्पनांच्या प्रसाराबद्दल १९६२ मध्ये जे मांडले त्यात थोड्या प्रमाणावर करून पाहता येण्याला आणि परिणाम इतरांना दिसण्याला मोठे स्थान आहे. म्हणून सुरुवात एका विभागात, एका प्रकारच्या कामापासून आणि ठरावीक मुदतीसाठी करावी, आणि मुदत संपल्यावर थांबण्याची मुभा खरोखर असावी. पुढाकारासाठी संगणकाची आवड असलेला तरुण डॉक्टर निवडण्याचा मोह होतो. त्याचे यश पाहून इतर म्हणतात, 'त्याला ते जमतेच.' त्यापेक्षा ज्यांच्या निदानावर सगळ्यांचा भरवसा आहे आणि ज्यांनी बैठकीत सर्वांत अडचणीचे प्रश्न विचारले अशा ज्येष्ठांना अटी ठरवण्याच्या कामात घ्यावे. त्यांनी स्वतः घातलेल्या अटींवर सेवा चालली तर त्यांचे एक वाक्य दहा परिपत्रकांचे काम करते.

डॉक्टर रुग्णाशी दूरवरून बोलायला राजी नसतील तिथे डॉक्टर-डॉक्टर संवादापासून आरंभ करणे मला अधिक फलदायी वाटते. अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या 'प्रोजेक्ट एको' या उपक्रमात हिपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराचे तज्ज्ञ आणि दूरच्या भागांतील व तुरुंगांतील प्राथमिक सेवेचे डॉक्टर व्हिडिओवर नियमितपणे एकत्र येऊन रुग्णांची चर्चा करत. रुग्ण आपल्याच डॉक्टरकडे राहत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४०७ रुग्णांच्या अभ्यासात विद्यापीठाच्या केंद्रात ५७.५ टक्के आणि त्या दूरच्या ठिकाणी ५८.२ टक्के रुग्णांमध्ये उपचारानंतर विषाणू आढळला नाही, म्हणजे दोन्हीकडे निकाल सारखाच लागला. अशा व्यवस्थेत तपासणारा हात रुग्णाजवळच असतो, त्यामुळे मोठी शंका मुळातच उरत नाही. शिवाय एकट्याने काम करणाऱ्या डॉक्टरला शिकायला मिळते आणि सोबत मिळते. त्यातून पडद्यावर बोलण्याची सवय लागली की रुग्णांच्या पुनर्तपासणीकडे वळणे तितकेसे अवघड जात नाही.

सक्तीने काय होते हे २०२० मध्ये जगाने पाहिले. कोविडच्या महासाथीत अनेक देशांत नियम शिथिल झाले, शुल्काचे बरेच प्रश्न रातोरात मिटले आणि ज्यांनी कधी कॅमेरा लावला नव्हता त्यांनीही व्हिडिओवर रुग्ण पाहिले. दारे उघडल्यावर अनेक ठिकाणी वापर उतरला, मानसोपचारात मात्र तो तुलनेने टिकून राहिला. त्यावरून डॉक्टर बदलायला तयार नाहीत असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. जिथे काम माध्यमाला मानवले तिथे ते राहिले, एवढेच दिसते.

सुरू झाल्यावर काय मोजावे

एकूण सल्ल्यांचा आकडा फसवा असतो, कारण दोन उत्साही डॉक्टर तो फुगवू शकतात. दर महिन्याला किती निरनिराळ्या डॉक्टरांनी निदान काही सत्रे घेतली, सुरू केलेल्यांपैकी तिसऱ्या महिन्यात किती जण वापरत आहेत, किती सल्ले तांत्रिक कारणाने फोनवर न्यावे लागले आणि किती रुग्णांना काही दिवसांतच त्याच तक्रारीसाठी प्रत्यक्ष यावे लागले, हे पाहावे. शेवटचा आकडा डॉक्टरांसमोर आरोप म्हणून ठेवू नये. तो वाढला असेल तर केसपेपरांचे गठ्ठे पुन्हा लावावेत, कारण बहुधा मधल्या गठ्ठ्यातले काहीतरी पहिल्या गठ्ठ्यात शिरलेले असते. त्वचाविभागात हे चटकन सापडते: पाठवलेले फोटो धूसर असतात, किंवा पुरळाचा रंग पडद्यागणिक बदलतो, आणि तेवढ्यासाठी रुग्णाला बोलवावे लागते. अशा ठिकाणी फोटो कसा काढावा याची चार ओळींची सूचना रुग्णाला आधी पाठवली तरी पुष्कळ फरक पडतो.

ज्यांनी सुरू करून सोडून दिले त्यांच्याशी महिन्याभराच्या आत बोलावे, आणि हे बोलणे त्यांच्या वरिष्ठाने करू नये. 'का सोडलेत?' या प्रश्नाने माणूस बचाव मांडू लागतो. 'शेवटच्या सत्रात काय झाले?' असे विचारले तर तो घडलेले सांगतो. उत्तर तांत्रिक असेल तर दुरुस्त करावे, वेळेचे असेल तर वेळापत्रक तपासावे. आणि त्या प्रकारच्या रुग्णांसाठी प्रत्यक्ष तपासणीच योग्य आहे असे दोन-तीन डॉक्टर स्वतंत्रपणे सांगत असतील, तर ते काम दूरस्थ सेवेच्या यादीतून काढून टाकावे आणि काढल्याचे व त्यामागचे कारण सर्व विभागांना लेखी कळवावे.